आधारगटात सासूबाईंना सोबत न्यावं का?

प्रश्न : सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. काळजीवाहकांच्या आधारगटाला त्यांना सोबत नेलं, की थोड्याच वेळात ‘घरी चल’ सुरू होतं. काय करावं?

उत्तर : न्या, पण चर्चेच्या खोलीत बसवू नका. शब्द निसटले तरी बोलण्याचा सूर त्यांना कळतो. शेजारच्या खोलीत स्वयंसेवकासोबत हाताला काम द्या : रुमालांच्या घड्या, नाहीतर तरुणपणची गाणी. एका वेळी एकच काम, २०–३० मिनिटं, शक्यतो सकाळी. संध्याकाळी अस्वस्थता बहुधा वाढते. घडी चुकली तर सुधारायला जाऊ नका. ‘घरी चल’ म्हणाल्या, तर आधी लघवी, तहान, गोंगाट पाहा. वाद घातलात तर हट्ट वाढेल. अधूनमधून मात्र एकट्याच जा. मनातली चीड त्यांच्यासमोर बोलता येत नाही.