ओळख नाही म्हणून नोकरी नाही?

"मॅडम, नाशिकमध्ये ओळखीशिवाय काही होत नाही. आणि आमची तर कुठे ओळखच नाही."

पुण्यात ॲनालिटिकल केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून, तिथेच काही काळ नोकरी करून आईच्या आजारपणामुळे नाशिकच्या सिडकोतल्या घरी परतलेली मुलगी हे सांगत होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) शिकून गावी परतलेल्या मुलामुलींकडून हे मी सतत ऐकते.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. सातपूर-अंबडच्या लहान कारखान्यांतल्या कितीतरी जागा जाहिरातीपर्यंत पोचतच नाहीत. 'कोणी असेल तर बघा' असं सुपरवायझरच्या कानावर घातलं की माणूस उभा राहतो. ज्याच्या नात्यागोत्यात कोणी कंपनीत नाही, त्याला त्या जागेचा पत्ताही लागत नाही. हा अन्यायच आहे. 'मेहनत कर, होईल सगळं' म्हणून मी तो झाकत नाही.

तिला ओळखीच्या माणसांची यादी करायला सांगितली. मामा, धाकटे काका, शेजारचा दादा, वडिलांचे कंपनीतले मित्र. सगळे मशीन शॉपमधले! सगळ्यांना विचारून झालं होतं आणि सगळ्यांनी त्याच दोन-तीन कंपन्यांची नावं सांगितली होती. एका सुपरवायझरांकडे वडिलांनी शब्द टाकला होता, स्टोअरमध्ये डेटा एन्ट्रीसाठी. त्याचंच तिला जास्त दडपण होतं. "मध्येच सोडली तर बाबांना कंपनीत मान खाली घालावी लागेल."

घरची माणसं जीव तोडून धडपडतात, पण त्यांना जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्याही कानावर आलेलं असतं. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली हे आकड्यांत दाखवलं. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून बातमी कळलेले जेमतेम १७ टक्के होते. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून कळली होती.

मग यादीत कॉलेजचं एकही नाव का नाही? ती बराच वेळ बोलली नाही. "सगळ्यांना वाटतं, पुण्यात जमलं नाही म्हणून परत आली." तिने बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडला होता, मावसबहिणीच्या लग्नालाही गेली नव्हती. खरी गाठ इथे होती. परतलेली मुलं लाजेपोटी नेमकी त्याच माणसांना टाळतात, ज्यांच्याकडून नवी बातमी यायची असते. त्यामुळे आम्ही आधी एवढंच ठरवलं, की कोणी विचारलं तर सांगायचं, 'आईसाठी आले, आता इथेच लॅबमध्ये काम बघतेय.' माझ्यासमोर म्हणतानाही पहिल्यांदा तिचा आवाज कापला.

नंतर मेसेज. तिने लिहिलं होतं, 'ताई, माझ्यासाठी काही असेल तर प्लीज बघा ना.' अशा मेसेजने समोरचा अवघडतो, कारण नोकरी देणं त्याच्या हातात नसतं. आम्ही बदलून लिहिलं: 'ताई, मी तुमच्यानंतरच्या बॅचची. एचपीएलसीवर काम केलंय. तुमच्या लॅबमध्ये नवीन लोक साधारण कधी घेतात? दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का?' (एचपीएलसी म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं लॅबमधलं यंत्र.) माहिती मागणं म्हणजे वशिला लावणं नव्हे, हे तिला पटायला वेळ लागला.

एका सीनियरने त्याच संध्याकाळी फोन केला. निर्यातीच्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश किती आहेत, हे काढणीआधी तपासावं लागतं. हंगामात लॅबकडे नमुन्यांची रीघ लागते, म्हणून माणसं दिवाळीच्या सुमारासच बघायला लागतात. घरात पाहुण्यांकडून येणारी द्राक्षं खाऊन वाढलेल्या या मुलीला ते ठाऊक नव्हतं. तिने अर्ज केला, प्रॅक्टिकल परीक्षा दिली आणि निवड झाली. काम हंगामापुरतं, कंत्राटी आहे. पगार पुण्यापेक्षा कमी आहे, पण काम तिच्या विषयातलं आहे.

वडील मात्र काळजीत होते. सुपरवायझरांना टाकलेल्या शब्दाचं काय? मी म्हटलं, "त्यांनी विचारायची वाट पाहू नका. तुम्ही दोघं या रविवारीच घरी जाऊन त्यांना सांगा, म्हणजे ती जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळेल."