टीएसएच मुद्दाम खाली का?

प्रश्न : दीड वर्षापूर्वी आईची थायरॉइडच्या कॅन्सरसाठी शस्त्रक्रिया झाली. रोज गोळी चालू आहे. परवाच्या रिपोर्टात टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) 0.08 आला, ठळक अक्षरांत, शेजारी खाली जाणारा बाण. डॉक्टर म्हणतात, मुद्दामच खाली ठेवलाय. मामा रोज फोन करून सांगतो, डोस जास्त होतोय, अर्धी गोळी द्या. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मामांचं नको. गोळी परस्पर अर्धी करू नका.

मी डॉक्टर नव्हे, पशुवैद्यक. निवृत्त होईपर्यंत औषधांच्या चाचण्यांतल्या उंदरांच्या थायरॉइडचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासत आले. टीएसएच चढा राहिला की त्या ग्रंथीचं काय होतं, ते हजारदा पाहिलंय.

रक्तात थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, कमी पडलं की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच सोडते आणि थायरॉइडच्या मागे लागते: कामाला लाग, वाढ. 1943 साली बाल्टिमोरला उंदरांना थायोयुरिया हे थायरॉक्सिन बनू न देणारं रसायन दिलं, तेव्हा त्यांचे थायरॉइड सुजले. पण आधी पिट्युटरी काढली, किंवा सोबत थायरॉक्सिन दिलं, की सूज नाही! म्हणजे ग्रंथी वाढवत होता तो टीएसएच. दोनच वर्षांनी न्यूझीलंडमध्ये डनेडिनला थायरॉइडला तसंच अडवणाऱ्या, मोहरीच्या कुळातल्या बिया दीर्घकाळ खाऊ घातलेल्या उंदरांच्या थायरॉइडमध्ये गाठी सापडल्या. पुढे अशा गाठींचे तुकडे दुसऱ्या उंदरांत लावून पाहिले. सुरुवातीला ते टीएसएच चढा असलेल्या उंदरांतच वाढत. एकातून दुसऱ्यात असे नेत गेल्यावर काही गाठी टीएसएचवाचूनही वाढू लागल्या.

आईच्या शरीरात चुकूनमाकून पेशी उरल्या असतील, तर त्या बहुधा अजून टीएसएचचं ऐकणाऱ्या असतील. म्हणून त्यांना तो मिळू द्यायचा नाही. गोळीत थायरॉक्सिनच असतं: ते काढून टाकलेल्या ग्रंथीचं काम करतं, आणि टीएसएचही खाली ठेवतं.

(फोडणीतली मोहरी बंद करू नका. उंदराच्या रक्तातलं थायरॉक्सिन दिवसाच्या आत निम्मं होतं, आपलं सुमारे आठवड्याने. त्याची पिट्युटरी सतत ताणावर असते, म्हणून त्याला गाठी लवकर होतात. त्यातही नरांना जास्त, कारण त्यांचा टीएसएच मुळात चढा. माणसांत थायरॉइडचा कॅन्सर बायकांनाच अधिक होतो, तेव्हा उंदरावरून सगळंच ठरवता येत नाही.)

मात्र 0.08 जन्मभर हवाच असं नाही, इथे मामांची शंका अगदीच पोकळ नाही. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या 2015 च्या मार्गदर्शनात सुरुवातीला कॅन्सर परतण्याचा धोका जास्त असेल तर टीएसएच 0.1 च्या खाली, मध्यम असेल तर 0.1 ते 0.5 ठेवायला सांगितलं होतं, कमी धोक्याला बहुधा 0.5 ते 2 चालत होता. फार काळ खाली राहिला तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, पाळी गेलेल्या बाईची हाडं ठिसूळ होतात. आईला धडधड जाणवत असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.

नाहीतर पुढच्या भेटीत ऑपरेशननंतरचा गाठीचा रिपोर्ट सोबत न्या आणि दोनच गोष्टी विचारा: आई धोक्याच्या कोणत्या गटात, आणि हाडांची तपासणी कधी?