पावलं दिसली का, हे आधी बघा
वाचकांचे प्रश्न : ‘स्टेप अप’ आणि किशोरवयीन नृत्यपट

प्रश्न : ‘स्टेप अप’ (२००६) मला आणि माझ्या बहिणीला फार आवडला. नंतर रॉटन टोमॅटोज या समीक्षकांचे कौल गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर पाहिलं, तर जेमतेम वीस-बावीस टक्के! इतका वाईट सिनेमा आहे का हा, की आमचीच आवड कच्ची?

उत्तर : तुमची आवड कच्ची नाही. ते टक्के म्हणजे परीक्षेतले गुण नव्हेत. किती समीक्षकांचा एकंदर कौल अनुकूल होता, एवढंच तो आकडा सांगतो. शंभर समीक्षकांनी प्रत्येकी पाचपैकी दोन तारे दिले, तर शंभरांचाही कौल प्रतिकूल धरला जाऊ शकतो आणि आकडा शून्याला टेकतो. प्रत्येकाने साडेतीन तारे दिले, तर तोच आकडा शंभर होतो. म्हणजे ‘ठीकठाक, पण शिफारस करणार नाही’ असं बहुतेकांना वाटलं, की टक्के कोसळतात. मेटाक्रिटिक या दुसऱ्या संकेतस्थळावर परीक्षणांची भारित सरासरी काढतात, म्हणजे काही परीक्षणांना जास्त वजन देऊन. तिथे हाच सिनेमा पन्नाशीच्या थोडा खाली, म्हणजे ‘संमिश्र’ गटात आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होतं : समीक्षकांना सिनेमा टाकाऊ वाटला नव्हता, शिळा वाटला होता.

प्रेक्षकांचा कौल वेगळा होता. सुमारे १ कोटी २० लाख डॉलरमध्ये बनलेल्या या सिनेमाने जगभरात ११ कोटी डॉलरच्या वर कमाई केली. ऑगस्ट २००६ मध्ये अमेरिकेत पहिल्याच आठवडाअखेरीला त्याने दोन कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. अर्थात, पहिल्या दिवसांत येतो तो मुळात असा सिनेमा पाहायला उत्सुक असलेला प्रेक्षक. त्याची पसंती खरीच असते, पण ती सगळ्यांची पसंती नसते.

समीक्षकांचा मुख्य आक्षेप कथेवर होता आणि तो मला योग्य वाटतो. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या कलाविद्यालयाच्या रंगमंचाची नासधूस करताना नायक टायलर पकडला जातो आणि त्याला २०० तासांच्या समाजसेवेची शिक्षा होते. तिथे त्याला बॅले शिकणारी नोरा भेटते. तिचा जोडीदार जखमी झालेला असतो आणि तिचं सादरीकरण तोंडावर आलेलं असतं. गरीब वस्तीतला मुलगा, शिस्तीतली मुलगी, शेवटी रंगमंचावर मिलन. पटकथाकारांपैकी ड्वेन ॲडलर यांनी २००१ च्या ‘सेव्ह द लास्ट डान्स’ची कथाही लिहिली होती आणि तिथेही बॅले आणि हिपहॉपची अशीच गाठ घातलेली होती. समीक्षकांना ओळखीचं वाटणं स्वाभाविक होतं.

(शेवट माहीत नसेल त्यांनी हा परिच्छेद सोडून पुढे जावं.) माझा स्वतःचा आक्षेप त्याहून मोठा आहे. टायलरच्या कृष्णवर्णीय मित्राच्या, मॅकच्या, धाकट्या भावाचा गोळी लागून मृत्यू होतो आणि त्यातून गोऱ्या नायकाला आयुष्याची दिशा सापडते. त्या घराच्या दुःखाला सिनेमा पुरेसा वेळच देत नाही, कारण त्याला सादरीकरणाच्या दिवसापर्यंत पोहोचायची घाई आहे. ही कथेची खरी चूक आहे, आणि नाच कितीही चांगला असला तरी ती झाकली जात नाही.

प्रश्न : समीक्षक नाचाबद्दल ‘जोशपूर्ण’ इतकंच लिहून पुढे जातात. सिनेमातला नाच चांगला की वाईट, हे सामान्य प्रेक्षकाने कसं ओळखावं?

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे. नृत्यपटात दोन माणसांमधलं नातं नाचातूनच पुढे सरकतं. तो नाच एका विशेषणात उरकला, तर परीक्षण अर्ध्याच सिनेमाचं होतं.

एक प्रयोग करून बघा. कुठलंही नृत्यदृश्य घ्या, आवाज बंद करा आणि ३० सेकंदांत किती कट येतात, म्हणजे किती वेळा शॉट बदलतो, ते मोजा. आता हिशेब करा. नर्तक आठ काउंटच्या तुकड्यांत नाचतात; एक काउंट म्हणजे गाण्याचा एक ठोका. गाण्याची गती मिनिटाला १२० ठोके असेल, तर आठ काउंटना ४ सेकंद लागतात. ९६ ठोके असतील, तर ५ सेकंद. ३० सेकंदांत २० कट आले, तर एक शॉट सरासरी दीड सेकंदाचा झाला. म्हणजे बहुधा एकही पूर्ण तुकडा तुम्हाला सलग दिसला नाही. हालचाल सुरू होताना दिसली, संपताना दिसली, मधलं वजन एका पायावरून दुसऱ्यावर कसं गेलं ते गायब. आणि नाच तर त्या मधल्या जागेतच असतो.

दुसरी खूण पावलांची. पाय चौकटीत आहेत का? कमरेच्या वरचेच शॉट सारखे येत असतील, तर बहुधा पायांत काहीतरी लपवायचं आहे, किंवा दिग्दर्शकाचा नर्तकांवर विश्वास नाही. जुन्या हॉलिवूडमधले नर्तक-अभिनेते फ्रेड ॲस्टेअर पूर्ण शरीर चौकटीत आणि कमीत कमी कट यांवर अडून बसत, ते यासाठीच. तिसरी खूण : नाच चालू असताना प्रेक्षकांच्या टाळ्यांचे, परीक्षकांच्या थक्क चेहऱ्यांचे शॉट किती वेळा घुसवले आहेत? नाच चांगला आहे, हे दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून आपल्याला पटवून द्यावं लागत असेल, तर तिथे काहीतरी कमी पडलंय.

या कसोट्यांवर ‘स्टेप अप’ पाहा. माझ्या मते बंदराच्या धक्क्यावरच्या नाचाला तो शेवटच्या सादरीकरणापेक्षा जास्त मोकळेपणाने उलगडू देतो. शेवटाकडे संकलन फार उतावीळ होतं. दिग्दर्शिका ॲन फ्लेचर मूळच्या नृत्यदिग्दर्शिका, आणि हा त्यांचा पहिला सिनेमा होता. म्हणूनच ते जास्त खटकतं.

प्रश्न : बॅले आणि हिपहॉप एकत्र केलं की कधी छान वाटतं, कधी ठिगळ लावल्यासारखं. असं का?

उत्तर : वजनामुळे. बॅलेत वजन वर खेचलेलं असतं. मांड्या नितंबापासून बाहेर वळवलेल्या, पाठ लांब, पावलांचा आवाज जवळजवळ नाहीच. हिपहॉपमध्ये वजन जमिनीकडे जातं, गुडघे सैल राहतात आणि ठेक्यावर शरीर खाली बसतं. आठ काउंट बॅले, मग आठ काउंट हिपहॉप असं आलटून पालटून केलं, की दर चार-पाच सेकंदांनी शरीराला आपलं केंद्र हलवावं लागतं. तो धक्का प्रेक्षकाला जाणवतो आणि आपण म्हणतो, ठिगळ.

दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे गुडघ्याची वाकण. बॅलेतला प्लिए आणि हिपहॉपचा बाउन्स हे चुलत भाऊच. जिथे उडीनंतरचा प्लिए न थांबता बाउन्समध्ये मिसळतो, तिथे सांधा दिसत नाही. नोरा झालेली जेना दिवान सिनेमांपूर्वी गायिका जॅनेट जॅक्सनच्या ताफ्यातली नर्तकी होती, तर टायलर झालेल्या चॅनिंग टेटमचं रीतसर नृत्यशिक्षण झालेलं नव्हतं. हा फरक पडद्यावर दिसतो आणि कथेला तो पोषकच ठरतो. मात्र टायलरने पायाची बोटं ताणायचा प्रयत्न केला, की लगेच कळतं की हे त्याच्या अंगात मुरलेलं नाही.

प्रश्न : नायक-नायिका खऱ्या आयुष्यातही एकत्र आले का?

उत्तर : हो. २००९ मध्ये त्यांनी लग्न केलं. २०१८ मध्ये वेगळं होत असल्याचं त्यांनी जाहीर केलं.

प्रश्न : मी दहावीत आहे. मला आणि माझ्या मित्राला सिनेमातल्यासारखा लिफ्ट, म्हणजे नाचता नाचता जोडीदाराला वर उचलणं, करून बघायचा आहे. दर वेळी तो म्हणतो, ‘तू जड आहेस.’ काय चुकतंय?

उत्तर : तुझं वजन नाही, तुमची वेळ चुकते आहे. सिनेमातही नव्या जोडीदारांना नोरा पेलत नाही. लिफ्टमध्ये अर्धं काम वर जाणाऱ्याच्या उडीचं असतं.

त्याने तुझ्या अगदी मागे, वीतभर अंतरावर उभं राहायचं. अंतर वाढलं की तेच वजन त्याच्या कमरेला कितीतरी जास्त भासतं. हात नितंबाच्या हाडांच्या किंचित वर. बरगड्यांवर नको, तिथे पकड सरकते आणि दुखतंही. दोघांनी मिळून मोठ्याने मोजा. ‘सात’वर दोघेही गुडघे वाका, ‘आठ’वर तू सरळ वर उडी घे आणि त्याच क्षणी त्याने पायांनी जमीन ढकलायची. हात फक्त शेवटी सरळ होतात. तू उडी अर्धा काउंट उशिरा मारलीस, तर तो स्थिर ओझं उचलतो, आणि मग ‘जड’ वाटणारच. वर गेल्यावर पोट आणि पाठ घट्ट ठेव. मध्येच कमरेत वाकलीस तर त्याचा तोल जातो.

आधी नुसत्या उड्या मारा, तो फक्त हात लावेल. मग वीतभर उंची, मग खांद्यापर्यंत. खाली जाड मॅट हवी आणि दोन्ही बाजूंना एकेक मोठं माणूस. उतरताना आधी चवडा, मग टाच, आणि गुडघे वाकलेले. एका सरावात आठ-दहा प्रयत्न पुरेत, कारण थकल्यावर वेळ चुकते आणि घोटा दुखावतो. डोक्यावरचा लिफ्ट मात्र शिक्षकांशिवाय करू नका.

प्रश्न : पुढच्या भागांपैकी कोणता पाहावा?

उत्तर : जॉन एम. चू यांनी दिग्दर्शित केलेला तिसरा, २०१० चा. कथा पहिल्या भागापेक्षाही पातळ आहे, पण तो मूस हा तरुण नर्तक आणि कमिल यांच्या न्यूयॉर्कच्या रस्त्यावरच्या नाचासाठी पाहा. कमिल म्हणजे पहिल्या भागात टायलरबरोबर त्याच घरात वाढणारी छोटी मुलगी. भूमिका तीच, अभिनेत्रीही तीच, ॲलिसन स्टोनर. हा नाच एका सलग शॉटमध्ये घेतला आहे. वर सांगितलेला कट मोजण्याचा प्रयोग तिथे करून बघा.