कोणता चित्रपट पाहून तुम्हाला घरच्यांच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवाव्याशा वाटल्या?

माझ्या बाबतीत तो मान एका कार्टूनपटाला जातो. पिक्सारचा 'कोको', २०१७ चा. भाचीला घेऊन गेलो होतो. ती पॉपकॉर्न खात होती आणि मी डोळे पुसत होतो. मेक्सिकोत मृतांच्या दिवसाला घरोघर दिवंगतांचे फोटो मांडतात, आपल्या सर्वपित्रीच्या जवळ जाणारा प्रकार. चित्रपटातल्या घरात अशाच एका फोटोतल्या माणसाचं डोकंच फाडून टाकलेलं असतं. तो तुकडा नायकाच्या पणजीनं, म्हणजे मामा (आई) कोकोनं, ड्रॉवरमध्ये आयुष्यभर जपलेला असतो आणि घरात कुणाला पत्ताच नसतो. आपल्याकडे असा तुकडा कुणापाशी असेल, हे घरी येईपर्यंत डोक्यातून जाईना.

पुढच्याच रविवारी आजीसमोर मोबाइल ठेवला. "आजी, तुझं आयुष्य सांग ना."

"त्यात काय सांगायचंय? चारचौघींसारखं झालं."

साडेतीन मिनिटांचं रेकॉर्डिंग, त्यातल्या तीन कुकरच्या शिट्ट्या.

मग जरा शोधाशोध केली. 'शिंडलर्स लिस्ट' (१९९३) सगळ्यांना माहीत असतो, पण त्यानंतर जे घडलं ते मला चित्रपटाइतकंच मोठं वाटतं. नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेली माणसं त्याचा दिग्दर्शक स्पीलबर्ग याला भेटून आपापली हकिकत सांगायला लागली, म्हणून त्यानं १९९४ मध्ये एक संस्थाच काढली. पाच-सहा वर्षांत पन्नास हजारांहून जास्त लोकांच्या मुलाखती व्हिडिओवर घेतल्या, एकेक सरासरी दोन तासांच्या वर. मला त्यांची पद्धत फार आवडली. युद्धाआधीचं घर कसं होतं तिथपासून सुरुवात करायची, एकदम छावणीवर यायचं नाही. आणि शेवटी घरची माणसं शेजारी बसवून जुने फोटो एकेक करून कॅमेऱ्यासमोर धरायचे.

आमच्याकडे फोटो मोजकेच. पण भांडी होती! प्रत्येकावर नाव घातलेलं, तारखेसकट. (मराठी घरातलं दप्तर मांडणीवर असतं, असं माझं मत झालंय.) दुसऱ्या खेपेला माळ्यावरून एक पितळी डबा काढून आजीच्या मांडीवर ठेवला. काळा पडला होता. तिनं पदरानं पुसला. 'चि. सौ. कां.' आणि पुढे एक नाव, 'हिस मामाकडून', खाली १९५३ सालातली तारीख. त्या नावाचं घरात कुणीच नव्हतं.

"ही कोण?"

"मीच की."

लग्नात नाव बदललं होतं. साठ-पासष्ट वर्षं आम्ही सगळे तिला सासरच्याच नावानं ओळखत होतो. नाव इथे देत नाही, तिला आवडायचं नाही. त्या दिवशी ती एक तास दहा मिनिटं बोलली. मी फक्त "मग?" म्हणत होतो. तेव्हा तुम्हीही सुरुवात करणार असाल तर "आयुष्य सांगा" म्हणू नका, हातात काहीतरी द्या. आणि कुकर आधी उतरवा.

अजून एक नाव सुचवतो, सारा पॉलीचा 'स्टोरीज वी टेल' (२०१२). कॅनडातली ही दिग्दर्शिका आपल्या दिवंगत आईबद्दल वडील, भावंडं, आईचे मित्र अशा सगळ्यांना विचारत जाते, आणि जो तो वेगळंच सांगतो. वडिलांना तर ती त्यांनीच लिहिलेलं स्टुडिओत वाचायला लावते आणि मध्येच थांबवून एखादी ओळ पुन्हा घ्यायला सांगते. तो आधी पाहिला असता तर पुढचं भांडण मला सोपं गेलं असतं. मामा म्हणतो, आजोबांनी आजीला विचारूनच नाव निवडलं. मावशी म्हणते, विचारलंय कुणी, तांदळात लिहिलं तेव्हाच तिला कळलं. दोघांचंही स्वतंत्र रेकॉर्डिंग करून ठेवलंय.

खरं काय ते आजीलाच विचारलं, तर म्हणाली, "त्या डब्याला झाकण होतं. ते कुठे गेलं बघ आधी."