अंतराळातलं आरमार: आधी जहाज काढायचं की आधी डॉक्ट्रिन?

भावा, तुझी चित्रं बघितली, लई मेहनत घेतलीयस. प्रश्न थोडक्यात असा, की तुझ्या कथेत मंगळाचं आरमार आहे, त्यांची दोन किलोमीटर लांबीची युद्धनौका आहे, तिच्यात तोफा, लेझर, फायटर आणि पाचशे सैनिक सगळं आहे, समोर सेरेसवरचे (मंगळाच्या पलीकडं, लघुग्रहांच्या पट्ट्यातला बटुग्रह) बंडखोर छोट्या बोटी घेऊन उभे आहेत, आणि आता या जहाजांना शोभेल असं डॉक्ट्रिन, म्हणजे लढायची ठरलेली रीत, कुठलं द्यायचं हे तू विचारतोयस. माझं म्हणणं असं की ते नंतर देता येत नाही. जहाज काढलंस तेव्हाच मंगळवाले कसे लढणार हे तू निम्मं ठरवून टाकलंयस, फक्त ते कुठं लिहिलेलं नाही, आणि म्हणून जहाज एक बोलतंय आणि तुझा ॲडमिरल दुसरंच बोलतोय.

मी असं बघतो. कुठलंही आरमार जहाज बांधायला घेतं तेव्हा त्याच्या डोक्यात एक ठरावीक भीती असते. कोण येणार, कुठनं येणार, आपल्या बंदरापासून किती लांब जाऊन लढावं लागणार, पैसे कोण देणार. त्या भीतीवर काढलेला तोडगा म्हणजे ते जहाज. आणि ते बांधून होईपर्यंत, पुढं तीसेक वर्षं वापरेपर्यंत भीती बदललेली असते पण जहाज तेच असतं. तुझ्या कथेला जे पाहिजे ते नेमकं या फरकात सापडेल असं मला वाटतं.

लांब कशाला जायचं, आपल्या कोल्हापूरच्या गादीचं आरमार होतं हे कोल्हापुरातच बऱ्याच जणांना ठाऊक नाही. मालवणचा किनारा करवीरकर छत्रपतींकडं होता, १७६५ ला इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेऊन त्याचं नाव फोर्ट ऑगस्टस ठेवलं, पुढं तो परत मिळाला, आणि १८१२ च्या तहात मालवण कायमचं गेलं. या किनाऱ्यावरच्या मराठी आरमारांची, आंग्र्यांचं धरून, लढायची मुख्य जहाजं म्हणजे गुराब आणि गलबत. गुराब दोन डोलकाठ्यांचा असला तर साधारण दीडशे टनांपर्यंत, तीनचा असला तर तीनशेच्या आसपास, तळ रुंद आणि पाण्यात कमी बुडणारा, आणि बाजूच्या तोफा होत्याच पण पुढच्या तोंडाला दोन जड तोफा थेट समोर मारा करणाऱ्या. आता ही रचना बघून लढाई डोळ्यासमोर आण. युरोपियन जहाजाची ताकद त्याच्या बाजूला, मागनं ते कमजोर, त्यामुळं हे लोक पाठलाग करत मागच्या अंगानं यायचे आणि पुढच्या तोफांनी शिडं-डोलकाठ्या फोडायचे. वारा पडला की चाळीस-पन्नास वल्ह्यांचं गलबत गुराबाला ओढून हव्या त्या जागी नेणार, समोरचं मोठं जहाज तिथंच डुलत राहणार. आणि अंगावर आलं तर खाडीत, उथळ पाण्यात, किल्ल्याच्या तोफांखाली जायचं, तिथं मोठ्या जहाजाचा तळ टेकतो. १६७९ ला खांदेरीला इंग्रजांनी समुद्रातनं कोंडी करायचा प्रयत्न केला तरी रात्रीच्या अंधारात छोट्या होड्या बेटावर सामान पोचवत राहिल्या, ते याच जोरावर. हेच गुराब खोल समुद्रात नेऊन बाजूला बाजू लावून लढवले असते तर टिकले नसते, आणि तसं लढायला ते बांधलेलेच नव्हते. किनारा, किल्ला, गुराब, गलबत हे सगळं मिळून एक हत्यार होतं, त्यातला एक तुकडा सुटा काढून चांगला का वाईट विचारण्यात अर्थ नाही.

दुसरं उदाहरण विमानवाहू जहाजांचं, आणि हे मला सगळ्यात आवडतं कारण दोन्ही बाजूंची माणसं हुशार होती, काळ एकच, तंत्रज्ञान जवळपास सारखं, तरी जहाजं वेगळी निघाली. ब्रिटिशांच्या इलस्ट्रियस वर्गाच्या डेकवर तीन इंची पोलादी चिलखत, विमानं मूळ डिझाइनप्रमाणे ३६. त्याच सुमाराच्या अमेरिकन यॉर्कटाउन वर्गाचा फ्लाइट डेक लाकडी, पण विमानं ऐंशीच्या वर. का, तर ब्रिटिशांना भूमध्य समुद्र आणि उत्तर समुद्र दिसत होता, जिथं जमिनीवरची बॉम्बर कधीही डोक्यावर येणार आणि आधी कळायला रडार नाही, म्हणून विमानं खाली हँगरमध्ये घ्या आणि मार सोसा. अमेरिकनांपुढं पॅसिफिक, जवळ कुणाचा विमानतळ नाही, म्हणून जास्तीत जास्त विमानं एका दमात उडवून समोरच्याची जहाजं आधी बुडवा. जानेवारी १९४१ ला इलस्ट्रियस भूमध्य समुद्रात जर्मन बॉम्ब खाऊनही तरलं. पण मिडवेला जून १९४२ मध्ये अमेरिकन विमानांनी जपानची चार विमानवाहू जहाजं बुडवली, त्याला विमानांची संख्या लागत होती, ते ३६ विमानांच्या जहाजांनी अवघड होतं. कोण बरोबर हा वाद अजून चालतो, माझ्या मते दोघंही आपापल्या भीतीला बरोबर होते.

आणि आता उलटी बाजू, कारण जहाज कायम डॉक्ट्रिनचं ऐकतंच असं नाही, माणूस जहाजाला दुसऱ्याच कामाला लावतो. १९७१ च्या आपल्या मिसाइल बोटी सोव्हिएत ओसा वर्गाच्या होत्या, किनाऱ्याजवळ राहून आपल्या बंदराचं रक्षण करायला बांधलेल्या, पल्ला तुटपुंजा. आपल्या नौदलानं त्याच बोटी शत्रूच्या बंदरावर नेल्या. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर, सोबतीला किल्तान आणि कच्छाल, दिवसा पाकिस्तानी विमानांच्या टप्प्याबाहेर थांबून अंधारात कराचीकडं, आणि खैबर ही विनाशिका आणि मुहाफिज हा सुरुंगशोधक बुडवून परत. बोटीचा कमीपणा गेला नव्हता, तो कुठं भरून काढायचा हे ठरवलं होतं, आणि तेच त्यांचं डॉक्ट्रिन.

आता तुझ्याकडं येतो. समुद्रात क्षितिज आहे, आडोसा आहे, उथळ पाणी आहे. अंतराळात यातलं काही नाही, त्यामुळं समुद्रातली जहाजं उचलून तशीच तिकडं ठेवली की खोटं वाटतं. तिथं तीन गोष्टी राज्य करतात, उष्णता, इंधन आणि प्रकाशाला लागणारा वेळ.

उष्णतेचं मला जास्त सांगावंसं वाटतं, कारण मी शिरोलीला फाउंड्रीत आहे. आमच्या इंडक्शन फर्नेसच्या कॉइलमधनं सतत पाणी फिरत असतं आणि ते कूलिंग टॉवरला जाऊन गार होतं, पाणी थांबलं तर फर्नेस ताबडतोब बंद करावी लागते. तुझ्या जहाजाला हवा नाही, पाणी ओतून द्यायला जागा नाही, म्हणजे उष्णता फक्त रेडिएटरमधनं किरणांच्या रूपात बाहेर जाणार. हिशेब कर: एक गिगावॉट उष्णता टाकायची आहे, पॅनेल हजार केल्विनला तापलेलं आहे आणि दोन्ही बाजूंनी फेकतंय, तरी जवळपास नऊ हजार चौरस मीटर पॅनेल लागतं, फुटबॉलच्या मैदानापेक्षा मोठं. ते लांबनं चमकणार, म्हणजे लपून बसणं जवळपास विसरायचं, आणि ते नाजूकही असणार. एक किलोचा तुकडा सेकंदाला दहा किलोमीटर वेगानं आला तर त्यात साधारण बारा किलो टीएनटीएवढी ऊर्जा असते, पॅनेलला त्याच्या शतांशानंही भोक पडेल. मग कॅप्टन काय करणार, पॅनेलची कड शत्रूकडं ठेवणार. कड एका शत्रूकडं ठेवता येते, दोन दिशांनी दोघं आले तर कुणाला तरी रुंद बाजू दिसणारच. म्हणजे सेरेसवाल्यांनी दोन दिशांनी यायचं आणि मंगळवाल्यांनी कधी एकट्यानं फिरायचं नाही, जोडीनं फिरायचं. बघ, एका रेडिएटरमधनं दोन्ही बाजूंची युद्धनीती निघाली.

लेझरचंही तसंच. एक मायक्रॉन तरंगलांबीचा लेझर एक मीटरच्या आरशातनं सोडला तर हजार किलोमीटरवर त्याचा ठिपका अडीच मीटरच्या आसपास पसरतो, आरसा दहा मीटरचा केला तर पाव मीटर. म्हणजे लांबनं मारायचं तर मोठा आरसा, मोठी वीज, मोठे रेडिएटर, आणि मग तुझे दोन किलोमीटर मला पटायला लागतात, कारण अणुभट्टी माणसांपासून लांब ठेवायलाही लांबी उपयोगी पडते. फक्त तो भरीव ठोकळा करू नकोस, बारीक जाळीदार सांगाडा कर.

इंधन मात्र तुझ्या कथेतला सगळ्यात मोठा धागा आहे आणि तू त्याला हातच लावलेला नाहीस. त्सिओल्कोव्स्कीनं १९०३ ला मांडलेलं रॉकेटचं समीकरण घे, किती वेग बदलायचा त्याला किती इंधन लागतं ते सांगणारं. मंगळवाल्यांना जायला वेग घ्यायचा, तिथं थांबायचं, परत निघायचं, घरी थांबायचं, चार टप्पे. सेरेसवाले घरीच लढतायत, त्यांना दोन धर. प्रत्येक टप्प्याला इंजिनच्या एक्झॉस्टच्या, म्हणजे मागं फेकलेल्या वायूच्या, वेगाच्या निम्मा वेग लागतो असं मानलं तर सेरेसची भरलेली बोट रिकामीच्या २.७ पट जड, आणि मंगळाचं जहाज ७.४ पट. प्रत्येक टप्प्याचा वेग दुप्पट केलास तर हेच ७.४ आणि ५५. एवढं इंधन घेऊन कोण जाणार? मंगळवाले परतीचं इंधन नेणारच नाहीत, ते सेरेसवरच्या बर्फातनं घ्यायचं ठरवणार, आणि त्यासाठी तिथला इंधनाचा डेपो न फोडता हातात यायला पाहिजे. तुझे पाचशे सैनिक इथं कामाला आले बघ, आत्तापर्यंत ते जहाजात का बसलेत तेच कळत नव्हतं. बाकी फायटर काढून टाक. फायटरला पण तेच चार टप्पे लागतात, वर पायलट, मिसाइलला एकच टप्पा पुरतो.

वेळेचं थोडक्यात: मंगळ ते सेरेस संदेश एका बाजूला साधारण १० ते ३६ मिनिटं घेणार, ग्रह कुठं आहेत त्यावर. म्हणजे लढाईत मंगळावरनं हुकूम येऊन उपयोग नाही. मंगळाचं सरकार कॅप्टनला आधीच किती मोकळीक देतं, डेपो हाती लागणार नसेल तर तो फोडायचा का नाही हे त्याचं त्यानं ठरवायचं का, हे लेखी आदेशात असणार, आणि त्यासाठी जहाजावर आदेशाचा अर्थ लावणारं कुणीतरी असणार. जहाजाच्या नकाशात त्या माणसाला केबिन दे.

आता माझी खरी सूचना. तुझं जहाज नवीन ठेवू नकोस. ब्रिटिशांचं हर्मिस हे विमानवाहू जहाज बघ, १९४४ ला बांधायला घेतलं, १९५९ ला सेवेत आलं, मग कमांडो नेणारं झालं, मग पाणबुड्या शोधणारं, मग सी हॅरियर विमानांसाठी पुढं चढणीचा रॅम्प लावला, १९८२ ला फॉकलंडला गेलं, १९८७ ला आपल्याकडं विराट म्हणून आलं आणि २०१७ पर्यंत राहिलं. तसं मंगळाचं जहाज तीस वर्षांपूर्वी पृथ्वीच्या भीतीनं बांधलेलं असू दे, मंगळाच्या कक्षेतच राहून लांबनं येणारी मिसाइलं जाळायला, म्हणून आरसा मोठा आणि टाक्या छोट्या. आता पृथ्वीशी तह झालाय आणि त्याच जहाजाला बाहेरनं टाक्या जोडून सेरेसला पाठवतायत. त्या टाक्यांमुळं आरशाला काही दिशा दिसतच नाहीत, जुन्या तोफखान्याच्या अधिकाऱ्याला ते पहिल्या दिवशीच खटकतं, आणि सेरेसवर पूर्वी याच जहाजाच्या डागडुजीला असलेली एक बाई आता बंडखोरांत आहे, तिला त्या आंधळ्या दिशा पाठ आहेत.

पुढचा भाग लिहायच्या आधी मला दोन आकडे पाठव, जहाज कुठल्या साली सेवेत आलं आणि निघताना टाकीत परतीचं इंधन किती होतं. ते आले की डेपोवरच्या हल्ल्याचं प्रकरण आपण बसून नीट मांडू.