घरात पाळत आलेल्या श्रद्धा तपासायच्या तर सुरुवात कुठून करावी?

देव आहे की नाही, इथून सुरू करू नका. त्यात वर्षं जातात आणि हाती काही लागत नाही. आधी वहीत तुमच्या श्रद्धा वेगवेगळ्या लिहून काढा. 'पत्रिकेत मंगळ असेल तर जोडीदाराला धोका' हे जगाबद्दलचं विधान आहे, ते तपासता येतं. 'संध्याकाळी दिवा लावला की मन शांत होतं' हा अनुभव आहे, त्याला पुरावा कशाला हवा? दोन्हींची गल्लत झाली की माणूस एक तर सगळंच टाकतो किंवा सगळंच धरून बसतो.

मंगळाचंच बघा. 1, 4, 7, 8, 12 यांपैकी एका स्थानी मंगळ असला की दोष, म्हणजे बारापैकी पाच घरं. सुमारे 42 टक्के लोक मंगळाचे ठरतात! तितक्या संसारांवर खरंच संकट येतं का?

2008 साली पुण्यात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) साहाय्याने चाचणी घेतली. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या पत्रिका ज्योतिषांना ओळखायच्या होत्या. 27 जणांची उत्तरं आली, सरासरी 46 टक्के बरोबर. नाणं उडवलं तरी पन्नासच्या आसपास येतात.

नवस, भाकितं यांची नोंद तारखेसह, आधीच करा, फसलेलीही लिहा. फसलेलं आपण विसरतो, म्हणूनच विश्वास पक्का होत जातो.

एखादी प्रथा सोडल्यावर धास्ती वाटेल. ती सवयीची असते, हळूहळू ओसरते. आईवडिलांशी मात्र सणाच्या दिवशी वाद घालू नका.