गावाला जमीन, आपण बाहेर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बाबा जाऊन तीन वर्षं झाली पण सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव आहे, सोबत काकांचंही, म्हणजे आजोबांनंतर वाटणी अशी झालीच नाही. मी लग्न होऊन बंगळुरूला, भाऊ पुण्यात नोकरीला, आई त्याच्याकडे. जमीन काकाच करतात, वर्षाला धान्य आणि थोडे पैसे पाठवतात, हिशोब आम्ही कधी विचारला नाही. आता काका म्हणतात तू हक्कसोड करून दे म्हणजे नावं लावायला सोपं जाईल. मला वाईटपणा घ्यायचा नाही पण सही करायची भीतीही वाटते. काय करू?

उत्तर : ताई, आत्ता सही करू नका. वारस नोंद ही एक गोष्ट आणि हक्कसोड ही दुसरी, नावं लावायला हक्कसोड लागतच नाही. बाबांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर त्यांच्या हिश्श्याला आई, भाऊ आणि तुम्ही असे तिघंही वारस, आणि लग्न झालं म्हणून मुलीचा हक्क जात नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीतही मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा प्रकरणात सांगितलं की हा हक्क जन्मानेच आहे, ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असले पाहिजेत अशी अट नाही. तुम्हाला पुढे खरंच भावासाठी किंवा काकांसाठी हिस्सा सोडायचा असेल तर तो तुमच्या मनाचा प्रश्न, पण आधी नाव लागू दे, मग शांतपणे ठरवा. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं, आणि एकदा नोंदवलं की ते फिरवायला कोर्टाची पायरी चढावी लागते, म्हणून घाई नको.

वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क या महसूल खात्याच्या ऑनलाईन प्रणालीवर बाहेरगावाहूनही करता येतो, किंवा भाऊ एकदा गावी गेला की तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात). मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, आधार, सातबारा आणि आठ-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) एवढं जवळ ठेवा. तुमचं नाव आधी वारस नोंदवहीत म्हणजे सहा-क मध्ये जातं, मग फेरफार (सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याची नोंद) पडतो, नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. अर्जात आईचं आणि तुमचं नाव आहे ना हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा, कारण सगळ्यात जास्त भांडणं इथूनच सुरू होतात, बहिणींना विचारायचं राहून जातं आणि दहा वर्षांनी तोच कागद पुढे येतो. नोटीस गावच्या चावडीवर लागते तशी आपली चावडी या वेबसाईटवरही दिसते, तेव्हा अधूनमधून गाव निवडून बघायची सवय लावा, कोणी परस्पर काही नोंद घालत असेल तर वेळेत कळतं. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाईन मिळतो, वर्षातून एकदा तरी काढा आणि इतर हक्काचा रकाना नीट वाचा, सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा तिथेच दिसतो.

आता काकांबद्दल. बरेच जण घाबरवतात की बारा वर्षं कसली की जमीन कसणाऱ्याची होते. ते असं सरळ नाही. सामाईक जमिनीत एका हिस्सेदाराचा ताबा हा सगळ्यांच्या वतीनेच धरला जातो, तुमचा हक्क उघडपणे नाकारून आणि तुम्हाला ते माहीत असताना त्याने ताबा ठेवला तर गोष्ट वेगळी. तेव्हा ती भीती मनातून काढा, पण हिशोब मात्र सुरू करा. मला मनापासून वाटतं की गावात राहून जो माणूस रात्रीच्या लाईटला पाणी देतो, मजूर शोधतो, रानडुकरांपासून पीक राखतो त्याच्या कष्टाची किंमत बाहेर राहणाऱ्यांना लवकर कळत नाही आणि मग फोनवर एकदम हिश्श्याची भाषा सुरू होते ते त्याला लागतं. यंदा सुगी झाली की भावाने आणि तुम्ही दोघांनी गावी जा, बियाणं, खत, मजुरी, मोटरचं बिल हे सगळं काकांना आधी मांडू द्या, त्यांची मेहनत वेगळी धरा, उरलेल्यातला तुमचा वाटा ठरवा आणि पैसे बँकेतूनच घ्या-द्या. सगळं एका वहीत लिहून दोन्हीकडच्या सह्या घ्या. पुढे काकांची तयारी असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो, संमती असली की कोर्टात न जाता काम होतं. विहीर कोणाच्या हिश्श्यात, पाळीचं पाणी कसं, वाट कुठून, हे त्या वाटपात लिहून घ्या, नुसते गुंठे वाटून भागत नाही.

प्रश्न : आम्ही ठाण्याला, शेत वाट्याने दिलंय. शेजारी दरवर्षी बांध कोरतो असं वाटेकरी सांगतो. आणि ई-पीक पाहणी (मोबाईल ॲपवर करायची पिकाची नोंद) राहिली तर काय होतं?

उत्तर : बांधाचं तोंडी भांडण करण्यात वर्षं जातात, त्यापेक्षा भूमी अभिलेख कार्यालयाकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, तोही ऑनलाईन होतो. पीक निघाल्यावरची तारीख बघा, आणि मोजणीच्या दिवशी घरातलं कोणीतरी हजर पाहिजेच, वाटेकऱ्यावर सोडू नका, त्याला शेजाऱ्याबरोबर रोज राहायचंय, तो तुमच्यासाठी वैर घेणार नाही आणि आपणही ती अपेक्षा करू नये. खुणा दाखवल्या की त्याच दिवशी दगड रोवून घ्या आणि फोटो काढा. शेजाऱ्यालाही नोटीस जाते, त्याच्यासमोर मोजणी झाली की पुष्कळदा तिथेच मिटतं.

ई-पीक पाहणी राहिली की त्या हंगामाचं पीक सातबाऱ्यावर चढत नाही आणि नुकसानभरपाई, पीकविमा, सरकारी खरेदी सगळीकडे अडतं. ॲप शेतात उभं राहून फोटो मागतं, म्हणून घरी बसून होत नाही, पण एका मोबाईलवरून दुसऱ्या खातेदाराचीही नोंद होते, गावातल्या एखाद्या पोराला सांगा आणि मुदत संपायच्या आधी फोन करून खात्री करा. वाटेकऱ्याशी करार लिहिताना मात्र गावठी नमुना वापरू नका, कूळकायद्यामुळे (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला हक्क देणारा कायदा) शब्द चुकले की त्रास होतो, वकिलाकडून लिहून घ्या.

प्रश्न : मी दुबईत आहे. भावाला मुखत्यारपत्र देऊ का? आणि आम्ही बाहेर असताना शेतजमीन ठेवता येते का?

उत्तर : वारसाने आलेली शेतजमीन ठेवता येते, परदेशात राहून नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही. विकायची असेल तर भारतात राहणाऱ्या भारतीयालाच, आणि घेणारा शेतकरी असावा लागतो हे आपल्याकडचं बंधन वेगळं. मुखत्यारपत्र द्या पण कुलमुखत्यार (सगळ्याच कामांचे अधिकार देणारं) नको, ज्या कामासाठी हवं तेवढंच नाव-गट नंबर घालून लिहा, विक्रीचा अधिकार गरज नसेल तर स्पष्ट नाही म्हणून लिहा. भारतीय वकिलातीत सही साक्षांकित करा आणि मूळ कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरून घ्या. देणारा वारला की मुखत्यारपत्र संपतं, हेही भावाला सांगून ठेवा.

प्रश्न : गावातलं जुनं घर बंद आहे. घरपट्टीची पावती आहे, बास ना?

उत्तर : नाही. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नाही. गावठाणाचं ड्रोनने मोजमाप झालं असेल तर स्वामित्व योजनेतली मिळकत पत्रिका निघाली आहे का ते चौकशी करा आणि त्यावर नाव बरोबर आहे का बघा. घरपट्टी थकू देऊ नका, लाईटचं मीटर चालू ठेवा आणि चावी कोणाकडे आहे ते घरातल्या सगळ्यांना माहीत असू दे.